पाचव्या फेरीला बंद केलेला डबा

३ ऑगस्ट

धाकटीला, थोरल्या जावेकडून.

दोन वर्षं आणि दोन महिन्यांनी लिहिते आहे, म्हणून आधी कामाचंच लिहिते. कामाचं लिहिताना हात अडखळत नाही.

आपल्या सदराचं पुस्तक काढायचं संपादकांनी मनावर घेतलंय. नाव तेच, ‘पाऊण तास ते दीड तास’. नऊ वर्षांत एकशे आठ लेख झाले, त्यांतले साठ घ्यायचे. बहुतेकांखाली ‘दोघी जावा’ अशी सही आहे, म्हणजे निम्मे तुझे. सोबत परवानगीचा कागद आहे. खाली उजवीकडे सही कर, तारीख घालायला विसरू नकोस.

सदर कसं सुरू झालं यावर त्यांना प्रस्तावना हवी होती. मी लिहिलंय की दोन भावांच्या दोन बायका एकाच घरात राहत होत्या. रविवारी दोघे भाऊ टीव्हीवर सामना बघत बसायचे, आणि जेवणापासून चहापर्यंत आपण काय करायचं हा प्रश्न या दोघींना पडायचा. धाकटी बस डेपोच्या वेळापत्रक विभागात, थोरली छापखान्यात प्रुफं तपासणारी. एकदा धाकटीने ऑफिसातल्या कुणाकडून एक पटावरचा खेळ मागून आणला. सापशिडीच्या जातीचा नव्हे, हल्लीचा. लाकडी ठोकळे, पत्ते आणि चोवीस पानांची नियमपुस्तिका असलेला. पुस्तिकेत थोरलीला सतरा चुका सापडल्या आणि खेळात धाकटी सतराच गुणांनी जिंकली.

हा सतराचा योगायोग मी रचलेला आहे. तू किती गुणांनी जिंकलीस ते आठवत नाही. जिंकलीस एवढं आठवतं.

आपण मध्यम लांबीचेच खेळ का निवडले, यावरही एक परिच्छेद आहे. वीस मिनिटांच्या खेळात हरलं तर माणूस हसून पुन्हा पत्ते पिसतो. चार तासांचा खेळ म्हणजे घरातल्या आजारपणासारखा, सगळ्यांची सोय बघून निभवावा लागतो. पाऊण ते दीड तासात मात्र एक अख्खी चूक करता येते, ती कळते, आणि निस्तरायला थोडा वेळ उरतो. हे शेवटचं तुझं आहे. तू भांडी पुसताना बोलली होतीस, मी लिहून ठेवलं होतं.

‘डेपो’ या खेळावरचा लेखही त्यांना पुस्तकात हवा आहे. त्यातलं एक वाक्य अजून लोकांच्या तोंडी आहे म्हणतात. घ्यायचा की गाळायचा ते तू सांगशील तसं. मला दोन्ही चालेल.

बाकी इकडे ठीक. तुझ्या भाऊजींचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा ते जास्त. तुमची खोली होती तशी आहे. धाकट्या भावजींची बदली आता कायमची का? नव्या घरात ऊन येतं का?

थोरली


१९ ऑगस्ट

धाकटे,

कागद मिळाला. सही आहे, तारीखही आहे. पाकिटात आणखी काही असेल म्हणून मी ते उलटं करून झटकलं, फुंकर मारून आत डोकावले. तुझे भाऊजी म्हणाले, “काय, पाकिटाचीही प्रुफं तपासतेस का?”

‘डेपो’च्या लेखाबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. घ्या म्हणाली नाहीस, गाळा म्हणाली नाहीस. मला दोन्ही चालेल असं मी लिहिलं होतं. ते खरं नव्हतं, पण त्याबद्दल पुढे.

पुस्तकात प्रत्येक खेळाच्या पटाचा फोटो घ्यायचा आहे. म्हणून रविवारी मी ‘डेपो’चा डबा कपाटातून काढला आणि पट टेबलावर पसरला. तेवढ्यात कोपऱ्यावरचे मेडिकलवाले भाऊजींच्या गोळ्या घेऊन आले. तू गेल्यापासून तिसरा भिडू तेच असतात. दारातूनच त्यांनी पट ओळखला. म्हणाले, “अरे वा! हा आपला अर्धवट राहिलेला!”

भाऊजींनी पेपर खाली केला. मी ठोकळे मांडत राहिले.

अर्धवट. आता तुझ्या लक्षात आलंच असेल.

‘डेपो’वरचा लेख छापलेला तो अंक हातात घेऊन तू स्वयंपाकघरात आलीस तेव्हा सगळ्यांत आधी एकच विचारलंस, “ताई, किती वेळा खेळलात?” आणि मी म्हटलं, “चारदा.” आपला नियमच होता तो. चारदा खेळल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. नियम तू घातला होतास आणि मी सात वर्षं तो सगळ्यांना अभिमानाने सांगत होते.

मी एकदाच खेळले होते. तेही पूर्ण नाही. नऊ फेऱ्यांचा खेळ. पाचवी संपली तशी मी म्हटलं, “कळला मला हा खेळ,” आणि ठोकळे गोळा करायला लागले. मेडिकलवाले बिचारे म्हणाले, “अजून चार फेऱ्या आहेत ना?” मी डब्याचं झाकण लावलं. चहा टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी लेख लिहिला, आणि त्यात ते वाक्य लिहिलं: “हा नव्वद मिनिटांचा खेळ नव्हे, चाळीस मिनिटांचा खेळ आहे आणि पन्नास मिनिटांची वाट बघणं.” ते मला इतकं आवडलं होतं की छापायला जाईपर्यंत मी दिवसातून दोनदा मनात म्हणून बघत होते.

त्या पन्नास मिनिटांतलं एकही मिनिट मी पाहिलेलं नव्हतं.

तर परवा मेडिकलवाले खुर्ची ओढून बसले. “आज पुरा करू या. मला तेव्हापासूनची उत्सुकता आहे.” भाऊजींना सामना बघायचा होता, तेव्हा तिसऱ्या भिडू म्हणून वरच्या मजल्यावरच्या भूगोलाच्या बाईंना बोलावलं. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी कशालाही बोलावलं तरी त्या चष्मा पुसत येतात.

पहिल्या पाच फेऱ्या मला आठवत होत्या तशाच गेल्या. प्रत्येकाच्या चार बस आणि पाच ड्रायव्हर. थांब्यांवर प्रवाशांचे ठोकळे साचतात, ते वेळेत उचलायचे, नाहीतर कंटाळून चालत निघून जातात. तीन खेपा केलेल्या ड्रायव्हरला एक फेरी विश्रांती द्यायचीच. दुसऱ्याला आपला ड्रायव्हर वापरायला देता येतो, त्याचा एक गुण मिळतो. एका गुणासाठी आपला माणूस कोण देईल? तेव्हाही मी दिला नव्हता, आताही नाही.

सहाव्या फेरीला चार थांबे बंद झाले, रस्ते लांबले, आणि सगळ्यांचे ड्रायव्हर एकदम दमले. ज्याने आधी दिलेत, त्याला आता मागता येतात. मी कुणाला दिलेच नव्हते. माझ्या तीन बस डेपोत उभ्या, प्रवासी एकेक करून पटावरून उठून चाललेत, आणि मेडिकलवाले भूगोलाच्या बाईंना म्हणतायत, “बाई, तुमचा निळा द्या हो, मी तुम्हाला दुसऱ्या फेरीला दिला होता.” “घ्या की,” बाई म्हणाल्या, “तुमचंच आहे.” भाऊजींनी सामना बंद केला आणि उठून बघायला आले.

खेळ सहाव्या फेरीला सुरू होतो, धाकटे. मी पाचवीला उठले होते.

हे तुला कळवायला हवं होतं म्हणून लिहिलं.

थोरली


२ सप्टेंबर

धाकटे,

उत्तर नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. पण मागचं पत्र पेटीत टाकून घरी येताना मला हलकं वाटलं, आणि त्याचाच संशय आला. अर्धं खरं सांगितलं की असं हलकं वाटतं.

त्या दिवशी तू दुसरंही एक बोलली होतीस. मी “चारदा” म्हटल्यावर तू अंक ओट्यावर ठेवलास आणि म्हणालीस, “तो खेळ माझा होता.” मी म्हटलं, “मला काय माहीत! डब्यावर तर भलतंच नाव आहे.”

मला माहीत होतं.

डब्यावर टोपणनाव होतं हे खरं. प्रकाशकाकडून पार्सल आलं तेव्हा तू म्हणालीस, “या वेळी तुम्हीच करा ताई, आमच्याकडे नवीन वेळापत्रकाची गडबड आहे.” तेव्हाही मला काही कळलं नाही. नियमपुस्तिका वाचायला घेतली. पहिल्या पानावर चूक नाही, दुसऱ्यावर नाही. मी वैतागले. सहाव्या पानावर अकरावा नियम आला: “दमलेल्या ड्रायव्हरला गाडी देऊ नये. तो नाही म्हणणार नाही, म्हणून आपणच देऊ नये.”

हे तू दर आठवड्याला जेवताना बोलायचीस. याच शब्दांत. तुझ्या साहेबांशी भांडून आलीस की हमखास.

पहिला एक क्षण मला आनंद झाला. खरंच झाला. वाटलं, बाई गं, हिने खेळ केला! मग पुस्तिका घाईघाईने उलटून शेवटच्या पानावर गेले, आभार बघायला. तिथे होतं: “रविवार सोडून इतर दिवशी हा खेळ पुन्हा पुन्हा खेळून पाहणाऱ्या मित्रमैत्रिणींचे आभार.”

रविवार सोडून. ते दोन शब्द मी किती वेळा वाचले असतील. रविवार माझा होता ना. म्हणजे सोमवार ते शनिवार डेपोतल्या मंडळींबरोबर तुझा खेळ पटावर यायचा, आणि रविवारी तू माझ्यासमोर बसून दुसऱ्यांचे खेळ खेळायचीस. आणि एक शब्द नाही. किती दिवस? एक वर्ष? दोन? चहाच्या वेळी तू घड्याळ बघायचीस ते त्यासाठी का? नाकाला मिरच्या झोंबल्या म्हणतात तसं झालं. डोळ्यांतून पाणी आलं ते खरंच मिरच्यांचं असावं असं मी स्वतःला सांगितलं.

आणि मग खेळायला बसले. कशी खेळले असेन ते तूच समज.

आणखी वाईट म्हणजे लेखाखाली सही ‘दोघी जावा’ अशीच गेली. नेहमीची होती, ती बदलायची मला आठवण झाली नाही असं मी भाऊजींना सांगितलं. प्रुफं मीच तपासली होती. स्वल्पविराम सुटत नाही माझ्या नजरेतून, सही कशी सुटेल? तुझ्याच खेळाला तुझ्याच नावाने नावं ठेवली मी. मग प्रकाशकाने दुसरी छपाई थांबवली, पुढच्या महिन्यात धाकट्या भावजींची बदली आली आणि सगळे म्हणाले, बदलीमुळे गेले. मीही तेच म्हणत राहिले. इतक्यांदा म्हटलं की मला ते पटायला लागलं होतं.

आता ओघाने पुस्तकाचंही सांगते. संपादक पहिल्यांदा बोलले तेव्हा म्हणाले, मुखपृष्ठावर तुमचं एकटीचं नाव घालू, दुसऱ्या बाई तर आता लिहीत नाहीत. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. आठ दिवस गप्प राहिले, त्या आठ दिवसांत मुखपृष्ठ मनात छापूनही झालं होतं. मग त्यांनी निवडलेल्या साठ लेखांची यादी पाठवली. तू गेल्यानंतर मी एकटीने चोवीस लेख लिहिलेत. त्यांतला त्यांनी एकच घेतला आहे. भीड म्हणून घेतला असावा.

मी जुन्या फाइली काढून बसले. माझ्या अक्षरातले कच्चे लेख आणि समासात तुझी पेन्सिल: “चांगला, पण तिघांतच.” “शेवटी नशीब फार.” “दिसतो तेवढा अवघड नाही, सांगा लोकांना.” चार-पाच शब्द. मी त्यांची दोन-दोन पानं केली आणि लोक मला रस्त्यात थांबवून म्हणायचे, काय अचूक परीक्षण करता हो तुम्ही. मला लिहिता येतं. खेळ बरा की वाईट हे ठरवता येत नाही, हे मला या दोन वर्षांत हळूहळू कळलंय. चोवीसच्या चोवीस लेखांत शेवटी मी लिहिलंय, “ज्याला असे खेळ आवडतात त्याला हा आवडेल.”

संपादकांना मी काल सगळं सांगितलं. ते म्हणाले, “बाई, हे फोनवर सांगितलंत म्हणून बरं. समोर असतात तर मला चेहरा कसा करावा ते सुचलं नसतं.” मुखपृष्ठावर दोन नावं येतील. या महिन्याच्या सदरात मी खुलासा लिहिला आहे, कारणासकट. लोकांनी काय म्हणायचं ते म्हणू दे.

थोरली


२१ सप्टेंबर

धाकटे,

तुझं पत्र आलं. पोस्टमन वळला तशी दार उघडंच ठेवून उभ्या उभ्या वाचलं. तुझी वाक्यं पुन्हा इथे लिहून काढते, म्हणजे मी ती नीट वाचली आहेत हे तुला कळेल.

“ताई, तुम्हाला माहीत होतं हे मला तेव्हाच कळलं होतं. ‘मला काय माहीत’ म्हणताना तुम्ही ओट्यावरचा चमचा उगीच सरळ करत होतात. पण चारदा खेळलात यावर मी विश्वास ठेवला. रागाने लिहिलं असेल, तरी चारदा खेळून लिहिलंय, म्हणजे खेळच वाईट असणार, असं धरून चालले. दुसरा एक अर्धा झाला होता, तो डेपोतल्या कपाटात ठेवून आले. दोन वर्षं हातात काही घेतलं नाही. तुम्हाला आधी का सांगितलं नाही म्हणाल, तर सांगितलं असतं तर तो खेळ तुमचा झाला असता. माफी नको. आता किती वेळा खेळलात? आणि खेळ कसा आहे?”

दोन खोट्यांपैकी जे मला किरकोळ वाटत होतं, घरगुती, चहात साखर कमी पडली असं सांगण्याइतकं, त्यानेच तुझी दोन वर्षं खाल्ली. मी भलत्याच गोष्टीची लाज बाळगून बसले होते.

“तो खेळ तुमचा झाला असता.” हे वाचून आधी रागच आला, लपवत नाही. मी काय हिसकावून घेणार होते का? सगळी दुपार मनात तुझ्याशी भांडले. संध्याकाळी भूगोलाच्या बाई त्यांच्या भाचीला लिहिलेलं पत्र दाखवायला आल्या. नुसतं दाखवायला. मी बोलता बोलता पेन उचलून त्यांच्या पत्रात तीन दुरुस्त्या केल्या. बाईंनी पत्र घडी करून पिशवीत ठेवलं आणि म्हणाल्या, “बरं, आता हे कोरं लिहून काढावं लागेल.” मी पेनाला टोपण लावलं. मग माझं भांडण संपलं.

माफी नको म्हणालीस, तर परीक्षण देते. चारदा खेळले. मोजून, पहिल्या ठोकळ्यापासून नवव्या फेरीच्या शेवटापर्यंत. दोनदा चौघांत, एकदा तिघांत, एकदा फक्त मी आणि भाऊजी.

चौघांत हा मी खेळलेल्या सगळ्या खेळांतला सगळ्यांत जिवंत खेळ आहे. तिसऱ्या वेळेपर्यंत मेडिकलवाले दुसऱ्याच फेरीला ड्रायव्हर वाटत सुटले होते, आणि वाटणंही अंगावर येतं हे त्यांना आठव्या फेरीला कळलं, त्यांचा स्वतःचा एकही जागेवर नव्हता. म्हणजे दाता होऊन भागत नाही, कुणाला आणि कधी हे बघावं लागतं. हे तू फार छान बसवलंयस. दोघांत मात्र खेळ चालत नाही. मागायचं तर एकाकडेच, तो देत नाही, संपलं. डब्यावर दोन ते चार भिडू लिहिलंय, ते तीन-चार करायला हवं.

तिघांत नववी फेरी मेलेली आहे. आठवीनंतर कोण जिंकलं ते सगळ्यांना दिसतं, मग नुसते ठोकळे हलवायचे. चौघांत तसं होत नाही.

आणि मुख्य तक्रार. खेळ सहाव्या फेरीला सुरू होतो असं मी लिहिलं, तू ते कौतुक म्हणून वाचलं असशील. मीही तसंच लिहिलं होतं. पण तो दोषच आहे, धाकटे. पहिल्या पाच फेऱ्यांत पुढे काय येणार याची काहीच चाहूल नाही. पहिल्यांदा खेळणारा माणूस चाळीस मिनिटं कंटाळतो. मी उठले तो माझा कोतेपणा होता, पण प्रामाणिक माणूसही उठू शकेल. एखादा थांबा तिसऱ्याच फेरीला बंद झाला तर? थोडी चुणूक दिसेल. की मी पुन्हा पेन उचलतेय? उचलत असेन तर हे वाक्य खोड.

अकरावा नियम होता तसा ठेव. त्यात काही करायचं नाही.

थोरली


१४ ऑक्टोबर

धाकटे,

तू इथे होतीस, सगळं तुझ्या डोळ्यांसमोर झालं, तरी लिहिते. मला कुठून काय दिसलं ते तुला कसं दिसणार?

शनिवारी फोन केलास तेव्हा तू म्हणालीस, जुन्या डेपोत काम आहे, कपाटातलं सामान न्यायचंय, दुपारी तासभर येईन. कसलं सामान ते मी विचारलं नाही. मला अंदाज होता. भाऊजींनी दोनदा केर काढला, दुसऱ्यांदा पहिल्या केराचाच.

तू आलीस, आणि पाया पडू की नको असं अर्धवट वाकलीस, मी अर्धवट हात पुढे केला, आणि दोघींची डोकी आपटायची राहिली. भाऊजी म्हणाले, “बसा आता, पट लावतो.” तू म्हणालीस, “मी नाही खेळत. तुम्ही खेळा, मी बघते.” मला वाटलं, संपलं, हिला माझ्यासमोर बसायचंच नाही. तू भिंतीशी स्टूल ओढलंस आणि पिशवीतून वही काढलीस. तेव्हाही मला कळलं नव्हतं. मग तू म्हणालीस की ओळखीच्यांनी तुला बरं वाटावं म्हणून खेळलेला डाव तू शंभर वेळा पाहिलास, पण तुझा खेळ परकी माणसं जिंकण्यासाठी खेळतायत हे एकदाही पाहिलं नव्हतंस.

मी खाली मान घालून ठोकळे मांडले.

पहिल्या तीन फेऱ्या तुझी पेन्सिल चालल्याचा आवाज येत होता. चौथीला मेडिकलवाल्यांना जांभई देताना तू पाहिलंस. डोळेझाक केली नाहीस, लिहून घेतलीस. सातव्या फेरीला भूगोलाच्या बाईंनी ते केलं: आपले पाचही दमलेले ड्रायव्हर मेडिकलवाल्यांना देऊन टाकले, एकही स्वतःकडे ठेवला नाही, आणि चष्मा पुसत बसल्या. मेडिकलवाले खूश. पुढच्या फेरीला त्यांच्याकडे दहा ड्रायव्हर, पण बस चारच. विश्रांतीची जागा बाईंच्याच ड्रायव्हरांनी भरली, आणि अकराव्या नियमाप्रमाणे दमलेल्यांना गाडी देता येईना. “बाई, अहो हे परत घ्या ना!” ते ओरडले. बाई म्हणाल्या, “छे, दिलेलं परत कसं घ्यायचं?” भाऊजी टेबलावर हात आपटून हसले, आणि मी मागे वळून पाहिलं तर तू स्टुलावरून उठून उभी होतीस. तोंडावर वही धरून. म्हणालीस, “हे मी कधी योजलंच नव्हतं.”

दोन वर्षांनी तुझा तो चेहरा पाहिला. मी जिंकत होते त्या डावात, शेवटच्या फेरीला काय केलं ते मला आठवत नाही. जिंकले नाही.

चहाच्या वेळी मी मनाचा हिय्या करून विचारलं, सदर पुन्हा दोघींनी लिहायचं का? तू कप खाली ठेवलास आणि म्हणालीस, “नाही ताई. आता मला करायचेत. दुसऱ्यांचे तपासायचे नाहीत.” बरं केलंस लगेच सांगितलंस. मी डिसेंबरचा लेख शेवटचा लिहीन असं संपादकांना कळवलंय. ‘आवडेल त्याला आवडेल’ हे किती महिने छापणार?

आणि जुना लेख पुस्तकात ठेवायचा हा तुझा निर्णय. “आहे तसा छापा,” म्हणालीस, “वाक्य चांगलं आहे. खाली खरं काय ते लिहा.” मी तळटीप लिहून तुला दाखवली: लेखिकेने हा खेळ एकदाच, तोही पाचव्या फेरीपर्यंत, खेळला होता आणि तो कुणाचा आहे हे तिला ठाऊक होतं. तू वाचून मान डोलावलीस. एक शब्दही बदलला नाहीस.

बसस्टॉपवर तुझी पिशवी माझ्या हातात होती. आत एक पुठ्ठ्याचा चपटा डबा होता, कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेला. मी बघत नाहीये असं दाखवत होते. मी म्हटलं, “राग आहे का गं अजून?”

“आहे,” तू म्हणालीस. “पण आता तो रोज काढून बघत नाही.”

एवढं मला पुष्कळ होतं. बस येताना दिसली. तू पिशवी घेतलीस आणि म्हणालीस, “ताई, एक विचारू? खरं सांगाल?”

“विचार.”

“त्या दिवशी पाचव्या फेरीला डबा बंद केलात, तेव्हा पुढे कोण होतं?”

मी रस्त्याकडे बघितलं. “मेडिकलवाले.”

“आणि तुम्ही?”

“शेवटी.”

“कितीने?”

“तेवीस.”

तू ओठ घट्ट दाबून धरलेस, मग ते जमेना. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मीही हसत होते की काय ते कळलं नाही, पण पदर डोळ्यांना लावावा लागला. पायरीवर चढलीस, दांडीला धरून मागे वळलीस आणि कंडक्टरने घंटी दिल्यावर ओरडलीस, “ताई, हे छापा!”

आज सकाळी संपादकांना फोन केला. तळटीप एका वाक्याने वाढली आहे: “डाव थांबवला तेव्हा लेखिका तेवीस गुणांनी मागे होती.”

थोरली